पिकअप रेस घेत नाही? पेडल बदलण्याआधी हे तपासा

गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते, आयडलिंगला शांत चालते, गिअरही नीट पडतो. पण पेडल तळाला टेकवले तरी इंजिनाचा आवाज जराही चढत नाही. डॅशबोर्डवर पिवळा चेक लाइट पेटलेला. मागे टोमॅटोचे क्रेट भरलेले आणि बाजार गाठायची वेळ ठरलेली. अशा वेळी फोनवर मिळणारा सल्ला बहुधा एकच असतो: पेडल गेले आहे, नवीन टाका. ते टाकूनही फरक पडला नाही की पुढचे वाक्य येते, मग ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, गेला असेल. पेडलचा खर्च काही हजारांत जातो, ईसीएमचा त्याच्या कितीतरी पट. आणि पुष्कळदा दोष निघतो तो ब्रेक पेडलमागच्या छोट्या स्विचमध्ये, नाहीतर उंदराने कुरतडलेल्या एका वायरीत.

बोलेरो पिकअप, योद्धा, दोस्त अशा गाड्यांवर ज्यांचे पोट चालते त्या मालक-चालकांसाठी आणि तालुक्याच्या गावातल्या गॅरेजवाल्यांसाठी हे लिहीत आहे. माझे म्हणणे एवढेच की, कोणताही पार्ट विकत घेण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर मिळवा. पायाने दिलेला निरोप ईसीएमपर्यंत पोचतो आहे का? पोचत असेल तर पेडलला हात लावायचे कारण नाही, दोष पुढे इंजिनाकडे आहे. पोचत नसेल तर दोष पेडल आणि त्याच्या सहा वायरींच्या टापूत आहे, आणि तो साध्या डिजिटल मीटरने सापडतो. या एका प्रश्नाने तपासाचे निम्मे रान साफ होते.

केबल गेली, सहा वायरी आल्या

जुन्या डिझेल पिकअपमध्ये पेडलपासून इंजिनावरच्या पंपापर्यंत पोलादी केबल जात असे. ती तुटली किंवा अडकली तर डोळ्यांना दिसायची. कॉमन रेल इंजिने आली, एप्रिल २०१७ पासून बीएस-४ देशभर लागू झाले, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ सक्तीचे झाले, तसतशी डिझेल पिकअपमधली केबल हद्दपार होत गेली. आता पेडलच्या वरच्या टोकाला एक प्लास्टिकची डबी असते. पाय किती दाबला आहे ते ती विजेच्या व्होल्टेजमध्ये सांगते. बाकी सगळे ईसीएम ठरवतो.

त्या डबीत सेन्सर एक नसतो, दोन असतात. प्रत्येकाला तीन वायरी: पाच व्होल्टचा पुरवठा, अर्थ आणि सिग्नल. म्हणून एकूण सहा. पाय काढलेला असताना पहिल्या सेन्सरचा सिग्नल साधारण ०.७ ते ०.८ व्होल्ट असतो आणि पूर्ण दाबल्यावर ४ व्होल्टच्या आसपास जातो. दुसऱ्याचा सिग्नल बहुतेक गाड्यांत पहिल्याच्या बरोबर निम्मा: सुरुवातीला ०.३५ ते ०.४, शेवटी २ च्या जवळपास. पाय कुठेही असो, हे निम्म्याचे नाते टिकले पाहिजे. नेमके आकडे मॉडेलप्रमाणे थोडे बदलतात, पण अशा गाड्यांत नाते बदलत नाही. काही गाड्यांत दुसरा सिग्नल उलट्या दिशेनेही चालतो, म्हणून आपल्या मॉडेलची वायरिंगची आकृती हाती असेल तर उत्तमच.

दोन सेन्सर कशासाठी, असे अनेक जण विचारतात. एकच असता आणि तो बिघडून चुकीचे व्होल्टेज देऊ लागला असता, तर ईसीएमला ते खरेच वाटले असते आणि पाय न लावता गाडी पळाली असती. दोघांचा मेळ बसला नाही की ईसीएम पेडलवर विश्वास ठेवायचे थांबवतो. अमेरिकेत टोयोटाच्या गाड्या अचानक वेग घेतात अशा तक्रारी झाल्या, तेव्हा तिथल्या सरकारने नासाच्या अभियंत्यांना तपासाला लावले होते. फेब्रुवारी २०११ मध्ये तो अहवाल प्रसिद्ध झाला. इलेक्ट्रॉनिक यंत्रणेमुळे गाड्या सुसाट सुटल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. मात्र बिघडलेल्या पेडल सेन्सरमध्ये कथिलाचे केसासारखे बारीक तंतू वाढून दोन सिग्नल एकमेकांना चिकटल्याचे त्यांना आढळले. तुमची गाडी रेस घेत नाही तेव्हा ती हट्ट करत नसते. शंका आली तर वेग द्यायचा नाही, या नियमाने ती वागत असते. पेडलच्या जागी बाहेरून रेझिस्टर लावून किंवा दोन सिग्नलच्या वायरी एकत्र जोडून ईसीएमला फसवण्याचे जुगाड म्हणूनच कधीही करू नका. तो जुगाड घाटात जीव घेऊ शकतो.

एका सेन्सरवरचा विश्वास उडाला तर गाडी चालते, पण रेस संथपणे आणि मर्यादेतच घेते. दोन्हींवरचा उडाला तर ईसीएम पायाकडे पूर्ण दुर्लक्ष करतो आणि बऱ्याच गाड्यांत आयडलिंग थोडे वाढवून धरतो, म्हणजे पहिल्या गिअरवर रांगत का होईना, गाडी रस्त्याच्या कडेला नेता येते. नेहमी आठशेच्या आसपास असणारा आरपीएमचा काटा हजार-बाराशेवर स्थिर उभा असेल आणि पेडल मुके असेल, तर ईसीएमला बिघाड कळलेला आहे आणि त्याने तो कोड रूपात नोंदवलेला आहे, असे बहुतेक वेळा धरायला हरकत नाही.

रस्त्यात बंद पडलात तर

कसारा, माळशेज किंवा खंबाटकीसारख्या घाटात हे झाले तर निदानाचा विचार नंतर. चारही इंडिकेटर लावा, गाडी डाव्या कडेला घ्या, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा, मागे त्रिकोण ठेवा. उतार असला तरी इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये गाडी सोडू नका. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-तीन दाबांत संपते आणि पॉवर स्टिअरिंग जड होते. भरलेली पिकअप त्यानंतर कुणाच्या पायाला ऐकत नाही.

मग चावी बंद करून दोन मिनिटे थांबा आणि पेडलवर पाय न ठेवता पुन्हा सुरू करा. रेस परत आली तर बिघाड अधूनमधून येणारा आहे, म्हणजे लूज कपलर, ओलावा किंवा अर्धवट तुटलेली वायर. तेवढ्यावर समाधान मानून पुढचा घाट चढायला घेऊ नका. सुरक्षित जागी पोचा आणि तिथे तपासा. बॅटरीची टर्मिनल मात्र काढू नका. अनेक गाड्यांत त्याने साठवलेले कोड पुसले जातात, आणि मग मिस्त्रीच्या हाती काहीच उरत नाही.

मीटर काढण्याआधी डोळे वापरा

सगळ्यात आधी पेडलखाली पाहा. रबरी मॅट सरकून पेडल अर्ध्यावरच अडते, कधी पाण्याची बाटली मागे जाऊन बसते. हाताने पेडल दाबून सोडा. ते सरळ खाली जाऊन झटकन वर आले पाहिजे.

आता कुणाला तरी गाडीच्या मागे उभे करा आणि ब्रेक लाइट पाहायला सांगा. रेस न घेण्याच्या तक्रारीत ब्रेक स्विच हा सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहणारा भाग आहे, म्हणून इथे जरा थांबतो. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकाच वेळी दाबले गेले तर ब्रेकचे ऐकायचे आणि रेस कापायची, असे अनेक ईसीएमना शिकवलेले असते. ब्रेक स्विच अडकला किंवा त्याची बैठक सरकली, तर पाय ब्रेकवर नसतानाही ईसीएमला तो आहेसे वाटते. मग अ‍ॅक्सिलरेटर कितीही चांगला असो, रेस मिळत नाही. पाय काढलेला असताना ब्रेक लाइट पेटलेले दिसले तर निम्मा तपास झाला. दाबूनही पेटत नसतील तर बल्ब, फ्यूज आणि स्विच पाहा.

लाइट बरोबर चालतात म्हणून स्विच निर्दोष ठरत नाही. बहुतेक ब्रेक स्विचमध्ये दोन वेगळे संपर्क असतात, एक मागच्या लाइटसाठी आणि एक ईसीएमसाठी. लाइटचा चांगला आणि ईसीएमचा खराब असे होऊ शकते. त्याची खात्री स्कॅनरवर होते. पी०५०४ किंवा पी०५७१ हे कोड ब्रेक स्विचकडे बोट दाखवतात.

रेस फक्त रात्रीच जाते, पार्किंग लाइट लावले की जाते, अशी तक्रार असेल तर मागचे बल्ब काढून पाहा. दोन फिलामेंटच्या बल्बमध्ये आतल्या आत शॉर्ट झाला, किंवा बॉडीवर नंतर जोडलेल्या लाइटची वायर ब्रेकच्या वायरीला भिडली, तर पार्किंगचा करंट उलटा ब्रेकच्या सर्किटमध्ये येतो आणि ईसीएमला ब्रेक दाबल्यासारखे वाटते. पाच-पन्नास रुपयांच्या बल्बपायी पेडल बदलले जाते ते असे.

यानंतर बॉनेट उघडा. बॅटरीचे टर्मिनल हाताने हलत असतील किंवा त्यांवर पांढरट-हिरवट थर असेल तर साफ करून कसा. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर १२.४ ते १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. अल्टरनेटर कमी देत असेल तर इलेक्ट्रॉनिक भाग विचित्र वागू लागतात आणि एकमेकांशी संबंध नसलेले कोड एकदम येतात. बॅटरीची ऋण बाजू इंजिनाला आणि चेसिसला जोडणाऱ्या अर्थच्या पट्ट्या पाहा. उसाच्या किंवा मातीच्या वाहतुकीतल्या गाड्यांत त्या गंजून अर्ध्या उरलेल्या असतात. फ्यूज नुसता पाहू नका, काढून मीटरने तपासा.

शेवटी पेडलचा कपलर. तो काढा, आत पाहा. पिना वाकलेल्या, हिरवट झालेल्या, किंवा आत पाणी आहे का? केबिन आतून पाइपने धुण्याची सवय असलेल्या गाड्यांत आणि पावसाळ्यात ही शक्यता मोठी. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पूर्ण वाळू द्या आणि लॉकचा आवाज येईपर्यंत परत बसवा.

स्कॅनर काय सांगतो, काय सांगत नाही

स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचा ओबीडी सॉकेट असतो. फोनला ब्लूटूथने जोडला जाणारा छोटा अ‍ॅडॉप्टर मालकाकडे असावा, असे माझे ठाम मत आहे. तो कंपनीचे खास कोड वाचेलच असे नाही, पण या तक्रारीत लागणारे प्रमाणित कोड आणि चालू आकडे बहुतेक वेळा दाखवतो.

पेडलच्या दोन सेन्सरना प्रमाणित भाषेत डी आणि ई म्हणतात. पी२१२२ म्हणजे डी चे व्होल्टेज फार कमी, पी२१२३ म्हणजे फार जास्त. ई साठी तेच पी२१२७ आणि पी२१२८. दोघांचा मेळ बसत नाही तेव्हा पी२१३८. काही गाड्या याच बिघाडांसाठी पी०१२० आणि पी०२२० च्या घरातले कोड वापरतात. पी०६४१ किंवा पी०६५१ आला तर तो पेडलचा नव्हे, सेन्सरना जाणाऱ्या पाच व्होल्टच्या पुरवठ्याचा कोड आहे.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. कोड पार्टचे नाव सांगत नाही, सर्किटचे सांगतो. पी२१२२ आला म्हणजे डी चा सिग्नल ईसीएमला कमी दिसला, इतकेच. सिग्नलची वायर तुटलेली असेल, ती अर्थला चिकटलेली असेल, पाच व्होल्ट पोचत नसतील, किंवा खरोखर सेन्सर गेला असेल. जास्त व्होल्टेजचा कोड असेल तर सिग्नल पुरवठ्याच्या वायरीला भिडला आहे का आणि सेन्सरचा अर्थ तुटला आहे का, हे आधी पाहायचे. डी आणि ई दोन्हींचे कमी व्होल्टेजचे कोड एकदम आले, तर दोन्ही सेन्सर एकाच क्षणी मेले असे मानण्यापेक्षा कपलर निघाला किंवा पुरवठा गेला असे मानणे शहाणपणाचे. नुसता पी२१३८ एकटाच येतो तेव्हा पेडल आतून झिजलेले असण्याचा संशय बळावतो, पण तिथेही अर्थमधला गंज तोच कोड आणू शकतो.

कोड कागदावर लिहा, मग लाइव्ह डेटा उघडा. चावी चालू, इंजिन बंद. पडद्यावर पेडल डी आणि पेडल ई निवडा आणि पेडल अगदी सावकाश, मनात दहा मोजत, तळापर्यंत न्या. तितक्याच सावकाश वर आणा. इथे एक गैरसमज हमखास होतो. आकडा शून्यापासून शंभरपर्यंत गेला नाही म्हणून पेडल खराब ठरवले जाते. अनेक गाड्यांत ही टक्केवारी पाच व्होल्टच्या हिशोबाने असते. पाच व्होल्टपैकी ०.७५ म्हणजे १५ टक्के आणि ४ म्हणजे ८० टक्के. म्हणून डी १५ वरून ८० पर्यंत आणि ई सात-आठवरून चाळीसपर्यंत गेला, तर पेडल उत्तम आहे. पाहायचे ते हे की आकडा मध्ये कुठे उडी मारतो का, अडकतो का, मागे येतो का, आणि निम्म्याचे नाते कुठे तुटते का. झिजलेले पेडल बहुतेक वेळा सुरुवातीच्या थोड्या दाबातच अडखळते, कारण रोजच्या चालवण्यात पाय सगळ्यात जास्त तिथेच असतो.

याच वेळी ब्रेक स्विचची ओळही पाहा. पाय काढला की बंद आणि ठेवला की चालू, असे ती प्रत्येक वेळी दाखवते का?

दोन्ही सेन्सर गुळगुळीत चढत-उतरत असतील, ब्रेकची ओळ खरे बोलत असेल आणि पेडलचा कोणताही कोड नसेल, तर मुख्य प्रश्नाचे उत्तर मिळाले. निरोप पोचतो आहे. पेडल खरेदी करू नका आणि खाली इंजिनाच्या भागाकडे जा. आकडे हलत नसतील किंवा उड्या मारत असतील तर मीटर घ्या.

मीटरचे काम

मीटर डीसी वीस व्होल्टवर ठेवा. टेस्ट लॅम्प या वायरींना कधीही लावू नका. बल्ब ओढतो तेवढा करंट देण्यासाठी ही सर्किटे बनलेली नाहीत आणि तपास करता करता चांगला ईसीएम जाऊ शकतो. वायरीच्या आवरणात सुई खुपसणेही टाळा. त्या भोकातून पाणी शिरते आणि पुढच्या पावसाळ्यात तोच बिघाड होऊन परत येतो. कपलरच्या मागच्या बाजूने, वायर आत जाते तिथून, बारीक पिन हलकेच सरकवा.

वायरींच्या रंगांवर जाऊ नका, आकृती असेल तर तिच्यावरून चला. नसेल तर पेडलचा कपलर काढून चावी चालू करा. मीटरची काळी वायर बॅटरीच्या ऋण टर्मिनलला धरून गाडीच्या बाजूच्या सहा पिना एकेक करून मोजा. बहुतेक गाड्यांत दोन पिनांवर पाचच्या आसपास व्होल्ट मिळतात, दोन अर्थच्या असतात आणि उरलेल्या दोन सिग्नलच्या. दोन्ही पुरवठे ४.९ ते ५.१ च्या दरम्यान असावेत. एकच मिळाला, किंवा दोन-तीन व्होल्टच मिळाले, तर पेडल बाजूला ठेवा. दोष अलीकडे आहे.

आता कपलर परत जोडा. सेन्सरच्या अर्थच्या वायरीवर लाल आणि बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर काळी लावून मोजा. ०.१ व्होल्टपेक्षा कमी यायला हवे. जास्त आले तर अर्थमध्ये कुठेतरी अडथळा आहे आणि सिग्नल आहे त्यापेक्षा वर उचलले जात आहेत. ही एक मोजणी गॅरेजमध्ये क्वचितच होते आणि तिच्याअभावी कितीतरी चांगली पेडले भंगारात जातात.

मग दोन्ही सिग्नल. पाय काढून, पाव, अर्धे, पाऊण आणि पूर्ण, अशा पाच जागी दोन्हींचे आकडे लिहून घ्या. पहिला १.५ असताना दुसरा ०.७५ च्या आसपास हवा, पहिला ३ असताना दुसरा दीड. पहिला २.४ आणि दुसरा ०.७ आला तर मेळ तुटला आहे. पुरवठा आणि अर्थ दोन्ही चांगले असूनही मेळ तुटत असेल, तेव्हाच पेडल दोषी. डिजिटल मीटरचा आकडा सावकाश बदलतो, क्षणभराची उडी तो दाखवत नाही. कुणाकडे जुना काट्याचा मीटर असेल तर या तपासणीला तो जास्त उपयोगी पडतो. काटा झटका देतो तो डोळ्याला दिसतो.

पेडल काढून ओहममध्ये मोजण्याची पद्धत जुन्या घासपट्टीच्या सेन्सरपुरती ठीक होती. आता अनेक पेडलांत चुंबकावर चालणारा हॉल सेन्सर असतो. त्याला ओहममध्ये मोजून काही कळत नाही.

पाच व्होल्टच नसतील तर पेडल सोडून इतर सेन्सर तपासावे लागतात. ईसीएम अनेकदा एकच पाच व्होल्टची लाइन पेडल, रेल प्रेशर सेन्सर, टर्बोचा बूस्ट सेन्सर अशा कित्येकांना वाटून देतो. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचा पुरवठा बसतो, आणि इंजिनावरच्या एखाद्या सेन्सरमुळे पेडल मुके होते. मीटर पुरवठ्याच्या पिनेवर लावून ठेवा आणि चावी चालू असताना त्या लाइनवरचे सेन्सर एकेक करून काढत जा. ज्याचा कपलर काढताच पाच व्होल्ट परत येतात, तो गुन्हेगार. सगळे काढूनही आले नाहीत तर वायरिंग कुठेतरी बॉडीला लागले आहे, नाहीतर ईसीएमलाच त्याचा पुरवठा आणि अर्थ नीट मिळत नाही. ते दोन्ही तपासून झाल्यावरच ईसीएमवर संशय घ्यायचा.

वायरिंग

कांद्याच्या चाळीजवळ, गोदामात, गुऱ्हाळाशेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर हा पहिला संशयित. बॉनेटखाली लेंड्या, वाळलेले गवत किंवा टेपचा चुरा दिसला तर हार्नेसवरची नळी उघडून पाहा. त्याशिवाय केबिनमधून इंजिनाकडे वायरिंग ओलांडते ते रबरी भोक, क्लच पेडलच्या मागची बाजू आणि स्टिअरिंगचा दांडा या तीन जागी वायरी घासतात.

दोष अधूनमधून येत असेल तर इंजिन चालू ठेवून एकाने लाइव्ह डेटा किंवा मीटर पाहावा आणि दुसऱ्याने हार्नेस थोड्या थोड्या अंतरावर हलवत जावे. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना दगड, हे न विसरता. आकडा उडाला की हात आहे तिथेच थांबवा.

तुटलेली वायर नुसती पिळून टेप लावू नका. सोल्डर करून त्यावर उष्णतेने आवळणारी नळी बसवा. मध्येच नवा जोड देताना वायरची जाडी तीच ठेवा. एकमेकांभोवती पिळलेल्या दोन वायरी दिसल्या तर त्या गाडीतल्या संगणकांच्या बोलण्याच्या आहेत, त्यांचा पीळ मोडू नका.

बॉडी बांधताना किंवा जाळी लावताना झालेल्या वेल्डिंगनंतर ही तक्रार सुरू झाली असेल, तर ते मिस्त्रीला आधी सांगा. बॅटरी न काढता केलेल्या आर्क वेल्डिंगचा करंट इलेक्ट्रॉनिक भागांतून वाट काढू शकतो. पुढच्या वेळी बॅटरीची दोन्ही टर्मिनल सोडवा, ईसीएमचे कपलर काढा आणि वेल्डिंगचा अर्थ चिमटा कामाच्या अगदी जवळ लावा.

पेडल ठीक, तरी गाडी ओढत नाही

डिझेल इंजिनात पेडल फक्त मागणी करते. किती डिझेल फवारायचे ते ईसीएम हवेचे प्रमाण, रेलचा दाब, टर्बोचा बूस्ट आणि तापमान पाहून ठरवतो. म्हणून न्यूट्रलमध्ये रेस चढते पण चढावर दम नाही, किंवा आरपीएम एका ठरावीक आकड्यापुढे जातच नाही, ही तक्रार वेगळी. पेडल पूर्ण मुके असण्याशी तिची गल्लत करू नका.

पी००८७ आला तर रेलचा दाब कमी आहे: आधी डिझेल फिल्टर, त्यातले पाणी आणि पाइपमधली हवा पाहा. पी०२९९ टर्बोचा बूस्ट कमी असल्याचे सांगतो. इंटरकूलरचा रबरी पाइप फाटलेला किंवा क्लिपमधून निसटलेला असतो, आणि त्याभोवती तेलकट काळा डाग पडलेला दिसतो. बीएस-६ गाडीत पी२४६३ आला तर डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, काजळी साचली आहे. रोज गावातल्या गावात, थंड इंजिनावर चालणाऱ्या गाड्यांत हे लवकर होते. डीपीएफचा लाइट लागताच गाडीच्या पुस्तकात दिल्याप्रमाणे ती मोकळ्या रस्त्यावर सलग चालवली तर तो पुष्कळदा साफ होतो. ज्या गाड्यांत डीईएफ (धूर स्वच्छ करणारा युरियाचा द्रव) घालावे लागते त्यांत ते संपले किंवा हलके मिळाले तरी ताकद कापली जाते.

पेट्रोल आणि सीएनजीच्या छोट्या मालवाहू गाड्यांत पेडलच्या पलीकडे थ्रॉटल बॉडी असते. तिची मोटर हवेची झडप उघडते. पेडलचे आकडे चढतात पण थ्रॉटलचे हलत नाहीत, किंवा पी२१०१, पी२१११, पी२११२ यांपैकी कोड येतो, तेव्हा झडपेवरचा काजळीचा थर आणि मोटरचा कपलर पाहा. ती झडप चावी चालू असताना बोटाने ढकलू नका. मोटर झडप अचानक फिरवते आणि बोट सापडते.

पेडल बदलायचेच ठरले तर

जुन्या पेडलवरचा पार्ट नंबर जुळवूनच नवे घ्या. बीएस-४ आणि बीएस-६ ची पेडले दिसायला सारखी असू शकतात आणि व्होल्टेजमध्ये वेगळी. भंगारातले घेत असाल तर दुकानात पैसे देण्याआधी गाडीचा कपलर लावून लाइव्ह डेटावर सावकाश दाबून पाहा. चावी बंद असतानाच कपलर काढा आणि जोडा. बसवल्यावर चावी चालू करून पाय न लावता थोडा वेळ थांबा, म्हणजे ईसीएम पेडलची विश्रांतीची जागा नोंदवतो. काही मॉडेलांत यासाठी स्कॅनरने वेगळी नोंद करावी लागते.

कोड पुसा, जुनी मोजणी जिथे केली त्याच पाच जागी पुन्हा मोजा, आणि मग गाडी भरून चढावावर चालवून पाहा. रिकाम्या गाडीची सपाट रस्त्यावरची फेरी या बिघाडाला पुरत नाही. परत आल्यावर पुन्हा स्कॅन करा. पेंडिंग म्हणून एखादा कोड बसलेला असेल तर काम अजून बाकी आहे.

गॅरेजमध्ये गाडी सोडताना मिस्त्रीला तीन गोष्टी सांगा: रेस पूर्ण गेली की कमी झाली, कोणत्या वेळी गेली (पाऊस, खड्डा, लाइट लावल्यावर, वेल्डिंगनंतर), आणि चावी बंद करून परत आली का. आणि बिलावर पार्टच्या नावाच्या आधी आलेला कोड, पाच व्होल्टची मोजणी आणि दोन्ही सिग्नलचे आकडे लिहून मागा. चांगला वायरमन ते आनंदाने देतो.